किडनी आणि नसांचा अमायलॉयडोसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवीतून प्रथिनं जातायत, पायांना मुंग्या किंवा जळजळ आहे आणि फाइलवर कुणीतरी ‘अमायलॉयडोसिस?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय, अशा ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी ही उत्तरं आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्यावरून स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नका.

अमायलॉयडोसिसमध्ये शरीरात नक्की काय होतं?

एखाद्या प्रथिनाची घडी चुकीची पडते आणि त्याचे बारीक, न विरघळणारे तंतू तयार होतात. हे तंतू अवयवांत पेशींच्या मधल्या जागेत साचत जातात. किडनीच्या गाळणीत साचले की प्रथिनं लघवीत उतरतात. नसांमध्ये आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांत साचले की बधिरपणा, जळजळ, चक्कर सुरू होते. एकाहून अधिक अवयवांत साठा झाला की त्याला सिस्टेमिक अमायलॉयडोसिस म्हणतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत सापडणारं अमायलॉइड वेगळ्या प्रथिनाचं असतं, त्याचा इथे संबंध नाही.

किडनी आणि नसा, दोन्ही एकदम का बिघडतात?

प्रत्येक प्रकारात तसं होत नाही, आणि निदानाला इथूनच दिशा मिळते. तीन प्रकार आधी समजून घ्या.

पहिला एएल. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एक छोटा गट ‘लाइट चेन’ नावाचं प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवतो आणि त्याचे तंतू होतात. यात साधारण दोन तृतीयांश रुग्णांची किडनी बाधित होते. नसा त्यापेक्षा बऱ्याच कमी जणांच्या, पाचात एकाच्या आसपास. दुसरा एए. टीबी, संधिवात, ब्रॉन्किएक्टॅसिस (फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या रुंदावणं), वर्षानुवर्षं वाहणारी हाडाची जखम अशा लांबलेल्या दाहामुळे यकृत जे एसएए प्रथिन बनवतं, त्याचा साठा होतो. हा प्रामुख्याने किडनीचा आजार आहे, हातापायांच्या नसा यात क्वचितच बाधित होतात. तिसरा एटीटीआर, म्हणजे ट्रान्सथायरेटिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाचा. त्याच्या वंशपरंपरागत प्रकारात नसा आणि हृदय पुढे असतात, आणि काही जनुकबदलांत किडनीही. अपोलायपोप्रोटीन ए-१ आणि जेल्सोलिन या प्रथिनांचे दुर्मीळ कौटुंबिक प्रकारही आहेत.

म्हणून किडनी आणि नसा दोन्हींत अमायलॉइड असल्याचा संशय असेल तर पहिला विचार एएलचा आणि दुसरा वंशपरंपरागत प्रकाराचा. या तिन्हींचे उपचार एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. ‘अमायलॉयडोसिस आहे’ एवढ्या निदानावर उपचार सुरू करता येत नाहीत. ‘कोणता प्रकार?’ हा प्रश्न तुम्ही प्रत्येक भेटीत विचारा आणि उत्तर कागदावर येईपर्यंत विचारत राहा.

सुरुवातीला काय जाणवतं?

लघवीला फेस येतो आणि तो लवकर बसत नाही. सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज असते, मोज्याची खूण खोल उमटते. नसांच्या बाजूने तळपाय जळतात, मुंग्या येतात. नसांमधले बारीक तंतू आधी निकामी होत असल्याने दुखणं आणि गरम-थंड कळणं आधी कमी होतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, आंघोळीचं पाणी किती कढत आहे ते पायाला समजत नाही.

स्वयंचलित नसांच्या (बीपी, पचन, लघवी, घाम आपोआप सांभाळणाऱ्या) तक्रारी लोक बहुतेक वेळा सांगतच नाहीत: उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, दोन घास खाल्ले की पोट भरणं, बद्धकोष्ठ आणि जुलाब आलटून पालटून, लघवी पूर्ण न होणं, पुरुषांत लिंगाला ताठरता न येणं, घाम कमी होणं. लाजेपोटी यातलं काही दडवलं तर निदान महिनोनमहिने लांबतं.

वडिलांना १५ वर्षांपासून डायबिटीस आहे. हे सगळं डायबिटीसमुळेच नाही का?

बहुतेकांच्या बाबतीत, हो. डायबिटीसमुळेही प्रथिनं जातात, पाय बधिर होतात, उभं राहिल्यावर चक्करही येते. आपल्याकडे डायबिटीस इतका आहे की अमायलॉयडोसिस त्याच्या आड सहज लपतो. त्यामुळे चित्र कुठे जुळत नाही ते शोधावं लागतं.

डायबिटीसमध्ये लघवीतली प्रथिनं सहसा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. काही महिन्यांत ती एकदम दिवसाला ३.५ ग्रॅमच्या वर गेली तर थांबून विचार करायला हवा. डोळ्यांची बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या: पडदा अगदी स्वच्छ आणि किडनीतून मात्र भरपूर प्रथिनं, हे विसंगत आहे. वर्षानुवर्षं बीपीच्या दोन गोळ्या लागत होत्या आणि आता एकही न घेता बीपी ११० च्या खाली राहतं, ही ‘बीपी बरं झालं’ म्हणून आनंदाची गोष्ट नाही. दोन्ही हातांना कार्पल टनेल (मनगटात नस दबून बोटांना मुंग्या), जीभ जाड होऊन कडेला दातांचे ठसे, डोळे चोळल्यावर किंवा खोकल्यावर पापण्यांवर जांभळे डाग, कारण नसताना घटलेलं वजन, यांतलं काही सोबत असेल तर संशय बळावतो. यातली एकटी कुठलीही खूण पुरावा नाही, दोन-तीन एकत्र आल्या की तपासण्या करायलाच हव्यात.

सोनोग्राफीचा इथे उपयोग होत नाही. डायबिटीस आणि अमायलॉयडोसिस, दोन्हींत किडनीचा आकार नेहमीएवढा किंवा थोडा मोठा दिसू शकतो.

आणखी कुठल्या आजारांशी गल्लत होते?

सीआयडीपी या, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते अशा आजाराशी होते. त्यासाठी आयव्हीआयजीचे (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडींचे) महागडे डोस दिले जातात, फायदा होत नाही आणि आधीच कमकुवत किडनीवर ताण येतो. सीआयडीपीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णात अमायलॉइड शोधलंच पाहिजे. पोएम्स सिंड्रोम या दुर्मीळ आजारामध्येही रक्तात असामान्य प्रथिन आणि नसांचा आजार एकत्र दिसतो.

महाराष्ट्रात कुष्ठरोगाचा विचार सोडून चालत नाही. वारंवार लाल, दुखऱ्या गाठींची रिअ‍ॅक्शन येणाऱ्या जुन्या कुष्ठरोगात नसा कुष्ठरोगाने जातात आणि किडनीत एए अमायलॉइड साचतं. वरून एकच आजार वाटतो, पण कारणं दोन असतात आणि उपचारही दोन. त्वचेवरचे बधिर चट्टे आणि कोपरामागची जाड झालेली नस डॉक्टरांनी हाताने तपासायला हवी.

पहिल्या तपासण्या कोणत्या?

लघवीची साधी तपासणी, लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाण किंवा २४ तासांची लघवी, रक्तातलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), कोलेस्टेरॉल, अल्कलाइन फॉस्फटेज. एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. गाळणी दिवसाला ६ ग्रॅम प्रथिनं सोडत असतानाही क्रिएटिनिन नॉर्मल असू शकतं, आणि स्नायू झिजलेल्या माणसात ते खोटं कमी दिसतं.

याबरोबरच एएलसाठी तीन तपासण्या एकदम मागवाव्या लागतात: सीरम फ्री लाइट चेन, रक्ताचं इम्युनोफिक्सेशन (असामान्य प्रथिन ओळखणारी तपासणी) आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन. तिन्ही मिळून एएलचे जवळजवळ सगळे रुग्ण पकडले जातात. आपल्याकडे नेहमी चूक होते ती इथेच. फक्त ‘प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ केलं जातं, एम बँड (असामान्य प्रथिनाची पट्टी) दिसत नाही, आणि ‘काही नाही’ म्हणून फाइल बंद होते. एएलमध्ये असामान्य प्रथिन इतकं थोडं असू शकतं की साध्या इलेक्ट्रोफोरेसिसवर ते उमटतच नाही.

कॅप्पा आणि लॅम्डा या दोन लाइट चेनचं नेहमीचं गुणोत्तर ०.२६ ते १.६५ असतं. किडनी मंदावली की ते थोडं वर सरकतं, म्हणून रिपोर्ट ईजीएफआरसोबतच वाचावा लागतो. पुढच्या सगळ्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत.

२४ तासांची लघवी कशी गोळा करायची?

समजा सकाळी ७ ला सुरू करायचं. ७ वाजता मूत्राशय रिकामं करा आणि ती लघवी टाकून द्या. त्यानंतरची दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करा. दुसऱ्या दिवशी ७ ला होणारी लघवी मात्र कॅनमध्ये घ्या. कॅन थंड, सावलीच्या जागी ठेवा. शौचाच्या वेळी होणारी लघवी निसटते, म्हणून आधी भांड्यात लघवी करून मग बसा. एखादी वेळ चुकली तर लॅबला तसं सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. त्याच कॅनमधलं क्रिएटिनिनही मोजायला सांगा, म्हणजे लघवी पूर्ण जमली की नाही ते कळतं. रोज नोकरीसाठी लोकलने जाणाऱ्याने हे सुट्टीच्या दिवशीच करावं.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट नॉर्मल आली. म्हणजे नसा ठीक आहेत ना?

नाही. ही तपासणी नसांमधल्या जाड तंतूंची असते. सुरुवातीला बारीक तंतू जातात आणि त्या काळात रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो. त्यासाठी घाम तपासणाऱ्या चाचण्या, स्वयंचलित नसांच्या चाचण्या किंवा त्वचेची छोटी बायोप्सी लागते.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी फार मोलाची आहे. ५ मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी घ्या. उभे राहा, १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते नोंदवा. बीपी उतरूनही नाडी फारशी वाढली नाही तर दोष नसांत असण्याची शक्यता जास्त. जवळ कुणीतरी उभं असू द्या.

बायोप्सी कुठून घेतात? किडनीतूनच घ्यावी लागते का?

नेहमीच नाही. बेंबीजवळच्या चरबीतून सुईने नमुना आणि अस्थिमज्जेची बायोप्सी, या दोन्ही मिळून एएलच्या बहुसंख्य रुग्णांत अमायलॉइड सापडतं. सापडलं नाही आणि संशय कायम असेल तर किडनीची बायोप्सी करतात. घोट्याजवळच्या सुरल नसेची बायोप्सी शेवटी, कारण साठा विखुरलेला असतो, हुकू शकतो आणि त्या जागी कायमचा बधिरपणा राहतो.

किडनीच्या बायोप्सीआधी पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या. एएलमध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर टेन अमायलॉइडला चिकटून कमी होऊ शकतो आणि रक्तस्राव वाढतो.

नमुन्याला काँगो रेड रंग देतात आणि ध्रुवित प्रकाशात तो सफरचंदी हिरवा दिसला की अमायलॉइड पक्कं. किडनीच्या बायोप्सीचे काप नेहमी २ ते ३ मायक्रॉनचे पातळ असतात, काँगो रेडसाठी मात्र त्याहून जाड, ८ ते १० मायक्रॉनचे काप चांगले. पातळ कापात थोडं अमायलॉइड नजरेतून सुटतं. म्हणून पॅथॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या फॉर्मवर ‘अमायलॉइडचा संशय, काँगो रेड करावे’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बायोप्सीचा नमुना मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे पॅराफिन ब्लॉकमध्ये जपलेला असतो. दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, म्हणजे पुन्हा बायोप्सीची गरज पडत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ पडतं.

काँगो रेड पॉझिटिव्ह आला. आता उपचार सुरू करायचे ना?

अजून एक पायरी आहे, आणि तिच्यावर सगळं ठरतं. काँगो रेड फक्त अमायलॉइड आहे एवढंच सांगतो, कुठल्या प्रथिनाचं ते सांगत नाही. प्रकार ठरवण्यासाठी त्याच नमुन्यावर इम्युनोफ्लुरोसन्स किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. सर्वांत खात्रीची पद्धत मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे साठ्याचा ठिपका लेझरने कापून त्यातली प्रथिनं थेट ओळखणं.

रक्तात लाइट चेन वाढली आहे आणि बायोप्सीत अमायलॉइड आहे, यावरून एएल गृहीत धरणं धोक्याचं आहे. उतारवयात अनेकांच्या रक्तात निरुपद्रवी पातळीचं एम प्रोटीन (प्लाझ्मा पेशींनी बनवलेलं असामान्य प्रथिन) असतं. त्याच माणसाला एटीटीआर असू शकतो, आणि मग गरज नसलेली केमोथेरपी दिली जाते. उलटही घडतं: हृदयाचा पीवायपी स्कॅन एटीटीआरसाठी वापरतात, पण एएलच्या काही रुग्णांतही तो पॉझिटिव्ह येतो. लाइट चेनच्या तिन्ही तपासण्यांशिवाय त्या स्कॅनला अर्थ नाही.

त्रास किडनीचा आहे, मग हृदयाच्या तपासण्या कशाला?

कारण एएलमध्ये जिवाचा धोका मुख्यतः हृदयावरून ठरतो. एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन (हृदयावरचा ताण आणि इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), ईसीजी आणि स्ट्रेनसहित (हृदयाच्या स्नायूचं आकुंचन मोजणारी) इको पहिल्या आठवड्यातच व्हायला हवेत. किडनी मंद असेल तर एनटी-प्रोबीएनपी तसंही वाढतं, हे रिपोर्ट वाचणाऱ्यांना माहीत असू द्या.

किडनीची पातळी दोन गोष्टींवरून ठरते: दिवसाला ५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं आणि ५० च्या खालचा ईजीएफआर. दोन्ही नसतील तर दोन वर्षांत डायलिसिस लागण्याची शक्यता अगदी कमी. दोन्ही असतील तर निम्म्याहून अधिक रुग्णांना लागतं. इथे आठवडे मोजावे लागतात.

ठाणे-नवी मुंबईत कुठे आणि कुणाकडे जायचं?

तीन डॉक्टर लागतात: नेफ्रोलॉजिस्ट (किडनी), न्यूरोलॉजिस्ट (नसा) आणि हिमॅटोलॉजिस्ट (रक्त). एएलचा उपचार हिमॅटोलॉजिस्ट करतात, हे अनेकांना शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे आणि त्यांचा बोन मॅरो प्रत्यारोपण विभाग तिथेच आहे. ठाण्याहून पनवेल लोकलने थेट खारघरला उतरता येतं. महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, परळचं केईएम या ठिकाणीही सुरुवात करता येते. बेलापूर, वाशी, कोपरखैरणे आणि ठाण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत नेफ्रोलॉजी आहे. अपॉइंटमेंट घेताना ‘अमायलॉइडचं टायपिंग (प्रकार ठरवणं) कुठे करून घेता?’ हे आधी विचारा. ब्लॉक बाहेर पाठवावा लागला तरी हरकत नाही, पण टायपिंग झालं पाहिजे.

एएलचा उपचार कसा असतो?

लाइट चेन बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बंद पाडणं, हा उपाय. सध्याची मुख्य पद्धत चार औषधांची: डाराटुमुमॅब, बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन. अमेरिकेत २०२१ मध्ये या चौकडीला एएलसाठी मान्यता मिळाली. डाराटुमुमॅबचं १८०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन पोटाच्या त्वचेखाली देतात: पहिले ८ आठवडे दर आठवड्याला, मग २४ व्या आठवड्यापर्यंत पंधरवड्याने, पुढे महिन्यातून एकदा, जास्तीत जास्त दोन वर्षं. बाकीची तीन औषधं आठवड्याला एकदा, २८ दिवसांची ६ आवर्तनं. बोर्टेझोमिब सहसा शरीराच्या प्रति चौरस मीटर १.३ मिलीग्रॅम. डेक्सामेथासोन ४० मिलीग्रॅम, वयस्कर किंवा सुजलेल्या रुग्णात २० किंवा त्याहून कमी. ते सकाळी खाऊन घ्यावं. दुसऱ्या दिवशी साखर वाढते, तेव्हा डायबिटीसवाल्यांनी त्या दिवसांचं औषध आधीच ठरवून घ्यावं.

सुरू करण्याआधी हेपटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे. टीबी निघाला तर त्यावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे बोर्टेझोमिबचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून क्रम ठरवावा लागतो. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर देतात, त्याची मात्राही किडनीप्रमाणे. डाराटुमुमॅबच्या पहिल्या डोसआधी रक्तगट आणि अँटिबॉडी तपासून कार्ड घ्या. नंतर हे औषध रक्तपेढीच्या क्रॉसमॅचमध्ये (रक्त जुळवण्याच्या तपासणीत) गोंधळ करतं. बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टीचा अर्क घेऊ नका: प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत त्यातला घटक औषध निकामी करतो असं दिसलं आहे.

हृदय, बीपी आणि वय साथ देत असेल तर मोठ्या मात्रेचं मेल्फालॅन हे केमोथेरपीचं औषध देऊन स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण हाही मार्ग आहे. उभं राहिल्यावर बीपी खूप कोसळणाऱ्यांना तो झेपत नाही.

बोर्टेझोमिबने नसा आणखी बिघडतात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि नसांचा आजार असलेल्याने हे पहिल्याच भेटीत बोलायला हवं. शिरेतून देण्याऐवजी त्वचेखाली आणि आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा दिलं की धोका कमी होतो. आधीच त्रास जास्त असेल तर कमी मात्रा, किंवा ते वगळून मेल्फालॅन-डेक्सामेथासोन किंवा डाराटुमुमॅबवर भर देतात. प्रत्येक आवर्तनाआधी तीन गोष्टी सांगा: बधिरपणा कुठपर्यंत चढला, रात्री दुखून जाग येते का, शर्टाची बटणं लावता येतात का. ‘चालतंय’ म्हणून गप्प राहिलात तर मात्रा वेळेत कमी होत नाही, आणि नुकसान भरून यायला महिने लागतात.

सहा महिने झाले, लाइट चेन उतरल्या, पण पायांची सूज तशीच. औषध लागू पडत नाही का?

लागू पडतंय. आधी रक्त सुधारतं, मग अवयव. दोन लाइट चेनमधला फरक ४० मिलीग्रॅम प्रति लिटरच्या खाली जाणं हा रक्तातला चांगला प्रतिसाद. कारखाना बंद झाला तरी साठलेला माल हळूहळूच उपसला जातो. किडनीत फरक दिसायला सहसा ६ ते १२ महिने लागतात. ईजीएफआर न ढासळता प्रथिनं ३० टक्क्यांनी कमी झाली तरी तो प्रतिसाद धरतात. नसा सगळ्यात उशिरा, आणि अनेकदा त्यांचं बिघडणं थांबतं एवढंच. लाइट चेन दर महिन्याला पाहा. त्याच जर उतरत नसतील, तर मात्र औषध बदलण्याचं बोलणं लांबवू नका.

एए प्रकार निघाला तर?

केमोथेरपी नाही. मूळ दाह विझवायचा. टीबी असेल तर पूर्ण औषधं, सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात. संधिवात असेल तर बायोलॉजिक औषधं, कौटुंबिक भूमध्यसागरी तापात कोल्चिसिन. एसएए १० मिलीग्रॅम प्रति लिटरच्या खाली राहिलं तर साठा वाढायचा थांबतो. एसएएची तपासणी मिळत नसेल तर सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर लक्ष ठेवतात.

वंशपरंपरागत असेल तर घरातल्यांनी काय करायचं?

ट्रान्सथायरेटिन बनवणाऱ्या टीटीआर जनुकाची तपासणी रक्तावर होते. बदल असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी. पण जनुक असलं म्हणजे आजार होईलच असं नाही, आणि होण्याचं वयही एकाच घरात वेगवेगळं असतं. आधी समुपदेशन, मग सज्ञान नातेवाइकांची तपासणी. लहान मुलांची घाई नको. लग्न जमवताना हे लपवलं जातं, त्यातून पुढे संबंध तर तुटतातच, वेळेवरचं निदानही हातचं जातं.

औषधांत टाफामिडिस प्रथिन स्थिर ठेवतं. पाटिसिरान दर तीन आठवड्यांनी आणि वुट्रिसिरान दर तीन महिन्यांनी देतात, ती यकृतातलं उत्पादनच कमी करतात आणि त्यांच्यासोबत व्हिटॅमिन ए पूरक घ्यावं लागतं. डायफ्लुनिसाल स्वस्त आहे, पण ते वेदनाशामक गटातलं असल्याने किडनी आजारी असताना टाळतात. देशात न मिळणारं औषध स्वतःच्या वापरासाठी आणायला डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध नियंत्रकांकडे परवान्याचा अर्ज करता येतो.

सूज उतरवायची गोळी घेतली की चक्कर येते, नाही घेतली की पाय फुगतात. काय करायचं?

किडनी आणि नसा दोन्ही आजारी असलेल्यांची ही सगळ्यात अवघड अडचण. पाणी ऊतींमध्ये अडकलेलं असतं आणि रक्तवाहिन्या मात्र अर्ध्या रिकाम्या. वर नसा वाहिन्या आकसून धरत नाहीत. जोरात लघवी काढली की बीपी कोसळतं.

सावकाश जायचं. सूजलेल्या आतड्यातून फ्युरोसेमाइड नीट शोषलं जात नाही, टॉर्सेमाइड जास्त भरवशाने शोषलं जातं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्या आणि वहीत लिहा. दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वाढलं तर फोन करा. आठवडाभरात फार झपाट्याने उतरलं तरी कळवा. किडनी वाचवण्यासाठी दिली जाणारी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधं इथे अनेकांना सोसत नाहीत. वरचं बीपी ९० पर्यंत उतरलं असताना ‘किडनीची गोळी आहे’ म्हणून ती रेटू नका.

कमरेपर्यंतचे दाबमोजे आणि पोटाचा पट्टा उठण्याआधी घाला. फक्त गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा उपयोग कमी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचला. मिडोड्रिन बीपी वर ठेवतं, किडनी कमकुवत असेल तर २.५ मिलीग्रॅमपासून सुरू करतात. शेवटचा डोस झोपण्याच्या किमान ४ तास आधी, नाहीतर आडवं पडल्यावर बीपी चढतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन पाणी आणि मीठ धरून ठेवतं, त्यामुळे सूज असताना ते नको.

नसा जळतात, झोप लागत नाही. कुठली गोळी चालेल?

प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिन चालतात, पण दोन्ही किडनीतून बाहेर पडतात. मात्रा ईजीएफआरवरून कमी केली नाही तर गुंगी, तोल जाणं, पडणं. प्रिगॅबालिनने पायांची सूजही वाढते आणि ती किडनीची समजली जाते. ड्युलोक्सेटिन ईजीएफआर ३० च्या खाली टाळतात. अमिट्रिप्टिलिनने उभं राहिल्यावरचं बीपी पडतं आणि लघवी अडते, म्हणून इथे ते चांगलं औषध नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफिनॅक पूर्ण बंद. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि भस्मंही बंद.

जेवणाचं काय?

दिवसाला मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. आमटीत मीठ कमी टाकून शेजारी पापड आणि लोणचं घेतलं तर काही साधत नाही. आगरी-कोळी घरांत सुकट, सुके बोंबील आणि खारं हे मिठाचं मोठं खातं आहे. भिजवून पाणी फेकलं तरी बरंच मीठ उरतं. ओली मासळी खुशाल खा. चक्कर येते म्हणून कुणी मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगेल, सूज असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रथिनं किलोमागे दिवसाला ०.८ ते १ ग्रॅम. लघवीतून जातात म्हणून प्रोटीन पावडर घेतल्याने अल्ब्युमिन वाढत नाही, किडनीवरचा भार वाढतो. पोट लवकर भरत असेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. भरपेट भातानंतर बीपी उतरतं, तासभर एकट्याने बाहेर पडू नका.

उन्हाळा आणि पावसाळा कसा काढायचा?

घाम येत नसेल तर शरीर थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी ११ ते ४ बाहेरची कामं टाळा, ओला पंचा मानेवर ठेवा. तापलेल्या गच्चीवर आणि देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू नका, बधिर तळव्याला भाजल्याचं कळत नाही. पावसात तुंबलेल्या पाण्यातून बंद, जाड तळव्याच्या बुटांशिवाय जाऊ नका. रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. लोकलमध्ये उभं राहून अंधारी येत असेल तर पायांची आढी घालून मांड्या आवळा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर दिव्यांग डब्याचा वापर करा.

डायलिसिस लागलं तर? किडनी प्रत्यारोपण होतं का?

डायलिसिस होतं, पण बीपी पडत असल्याने पाणी हळू काढावं लागतं. काहींना घरी करायचं पोटाचं डायलिसिस जास्त सोसतं. एएलमध्ये प्रत्यारोपणाचा विचार रक्तातला प्रतिसाद चांगला आणि टिकाऊ झाल्यावर आणि हृदय ठीक असेल तरच. नाहीतर नव्या किडनीतही तेच साचतं. वंशपरंपरागत प्रकारात भाऊ, बहीण किंवा मूल किडनी देणार असेल तर आधी त्यांचं जनुक तपासलंच पाहिजे.

खर्च कसा उभा करायचा?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि डायलिसिस त्यात बसतं. तुमचं औषध कुठल्या पॅकेजमध्ये येतं ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच लेखी विचारा. बोर्टेझोमिबची भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधं बरीच स्वस्त आहेत. खर्चाचा मुख्य डोंगर डाराटुमुमॅबचा. ते परवडत नसेल तर बाकी तीन औषधांनी सुरुवात करा, पैशांची वाट पाहत महिने घालवू नका. वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच आठवड्यात भेटा.

कधी थेट इमर्जन्सीत जायचं?

एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं, किंवा एकदम धाप: अल्ब्युमिन कमी असताना रक्ताच्या गुठळ्या होतात. केमोथेरपी चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप. बेशुद्ध पडणं. काळी शौच किंवा न थांबणारं रक्त. पोट तुंबून लघवी न होणं. नागिणीचे फोड.

तिथल्या डॉक्टरांना तुम्ही माहीत नसता. म्हणून पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमागे एक कागद ठेवा. त्यावर लिहा: अमायलॉयडोसिसचा प्रकार, नेहमीचं बीपी, शेवटचा ईजीएफआर आणि तारीख, चालू औषधं, हिमॅटोलॉजिस्टचा नंबर. खाली ठळक अक्षरांत: डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देऊ नये, व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम देऊ नये, कॉन्ट्रास्ट देण्याआधी नेफ्रोलॉजिस्टना विचारावं, सलाइन हळू द्यावं, डाराटुमुमॅब चालू असल्यास रक्तपेढीला कळवावं. दर तीन महिन्यांनी हा कागद नवा करा.